घरचा होकार

जुन्या बाजारात दुकानांच्या पुढून एक लांबलचक व्हरांडा होता. होता म्हणजे आजही होता, पण दिसत नव्हता. दगडी कमानींची ओळ, वर लाकडी छत, आणि या टोकाला शिरलं की ऊन-पाऊस न लागता थेट त्या टोकाला बाहेर पडावं, अशी सोय. बांधणाऱ्याने डोकं वापरलं होतं. मग पुढच्यांनी आपापलं डोकं वापरलं. एकाने आपल्या दारापुढच्या कमानीत कपाट ठेवलं, आत माल मावेना म्हणून. शेजाऱ्याने बघितलं, हा ठेवतो तर मी काय घोडं मारलंय, आणि त्याने सरळ विटांची भिंत घातली. तिसऱ्याने शटर लावलं. बघता बघता अख्खा व्हरांडा दुकानांच्या पोटात गेला आणि गिऱ्हाईक उतरलं रस्त्यावर, गाड्यांच्या धुरात. तिथून ते जे निघालं ते हमरस्त्यापलीकडच्या नव्या संकुलात गेलं. तिथे सरकते जिने आहेत, बसायला बाकं आहेत. गिऱ्हाईक काही वेडं नसतं.

हा बाजार पुन्हा उभा करायचा म्हणून नगरपालिकेने एक प्रकल्प काढला. प्रकल्प म्हटला की लोक आधी हसतात आणि मग चहा कधी मिळणार ते विचारतात. इथेही तसंच झालं. पण या वेळी दोन गोष्टी वेगळ्या होत्या. एक, दुकानदारांसाठी प्रशिक्षणाचा वर्ग होता. माल कसा मांडायचा, दिवे कुठे लावायचे, जुनं लाकूडकाम खरवडून न टाकता कसं जपायचं, सगळं शिकवणार. आणि दुसरं म्हणजे दारोदार जाऊन लोकांशी बोलायला एक माणूस नेमला होता. तो माणूस म्हणजे ताई.

तिला सगळा बाजार ताई म्हणायचा. तिच्या वडिलांच्या वयाचे कुलूपवाले काकासुद्धा ताईच म्हणायचे, आणि वर अहो-जाहो करायचे. ती काही बाहेरून आलेली नव्हती, बाजारातलीच पोर. कमानींच्या बरोबर मध्यावर जे चष्म्याचं दुकान आहे ना, ते तिच्या दादाचं. शाळेतून आली की त्याच दुकानाच्या काउंटरखाली बसून ती अभ्यास करायची. पुढे शहरांची रचना वगैरे शिकली, चार ठिकाणी नोकऱ्या केल्या, आणि ही जागा निघाल्यावर धावत परत आली. का आली, हे तिला कुणी विचारलं की ती जुन्या इमारती, वारसा असं बरंच काही सांगायची. खरं कारण एवढंच होतं की दादाच्या दुकानात आता संध्याकाळपर्यंत चारदोन माणसं येत होती आणि ते तिला बघवत नव्हतं.

प्रकल्पाच्या अटी दोनच, पण दोन्ही कडक. व्हरांडा उघडायचा तर सगळा उघडायचा. मध्ये एकानेही आपली कमान बंद ठेवली तर काम होणार नाही. मध्येच बूच बसलेली नळी काय कामाची? आणि दुसरी अट, प्रत्येक दुकानात वर्गातून शिकून तयार झालेला माणूस पाहिजे, आणि पुढची पाच वर्षं दुकान मी स्वतः चालवीन असा शब्द त्याने द्यायला पाहिजे. नाहीतर लोक सरकारी खर्चाने दुकान सजवून घेतील आणि जागा विकून पसार होतील. असले नग प्रत्येक गावात असतात, तेव्हा अट काही चुकीची नव्हती.

ताईची काम करण्याची एक पद्धत होती. ती दुकानात शिरली की उभी राहून बोलायची नाही. गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसायची. प्रकल्पाचं नाव काढायची नाही. आधी बघायची, मग विचारायची, "तुम्हाला स्वतःला काय हवंय?" आणि गप्प राहायची. हे गप्प राहणं सगळ्यात कठीण. समोरचा आधी सरकारला शिव्या घालतो, मग संकुलाला, मग आपल्या पोरांना. तेवढं सगळं बाहेर पडून गेलं की तळाशी काहीतरी खरं असतं. कुलूपवाले काकांनी तर तिला तीन वेळा हाकलून दिलं होतं. "ताई, तुम्ही चांगल्या घरच्या आहात, उगाच माझ्या तोंडून वाईटसाईट ऐकाल," असं म्हणून. चौथ्या वेळी त्यांनी स्वतःच स्टूल पुसून दिलं आणि सांगितलं, की भिंत पाडायला त्यांची ना नाही, पण भिंत पाडली की दुकान एवढंसं दिसेल आणि लोक म्हणतील, याचं सगळं एवढंच होतं होय? माणसाला कशाची लाज वाटेल सांगता येत नाही. ताई हसली नाही. तिने वर्ग घेणाऱ्या बाईंकडून काकांच्या दुकानाची मांडणी बदलून घेतली, जुनी पितळी कुलपं गोदामातून काढून दर्शनी भागात लावली, आणि काकांनी तिथल्या तिथे गवंडी बोलावून भिंत फोडली. साहेब लोकांच्या होकाराचीही वाट पाहिली नाही. "ताईंनी सांगितलंय ना, मग झालं," म्हणाले.

वर्ग जुन्या टपाल कचेरीच्या माडीवर भरायचा. बाई मोठ्या कल्पक होत्या. एकदा त्यांनी फर्मान काढलं, की उद्या प्रत्येकाने आपली गादी सोडून दुसऱ्याच्या दुकानात बसायचं. मग काय विचारता! कुलूपवाले काका लहान मुलांच्या कपड्यांच्या दुकानात जाऊन बसले आणि झबली विकताना घामाघूम झाले. कपडेवाल्या काकू कुलपांच्या दुकानात बसल्या आणि दुसऱ्या दिवशी वर्गात म्हणाल्या, "गिऱ्हाईक आत येतं ते भीत भीतच येतं. काका कुलूप विकत नाहीत हो, कुलपावरून भांडतात." हसून हसून पुरेवाट झाली. पण काकांनी त्या दिवसापासून आवाज खाली आणला, हेही खरं.

त्या वर्गात एक चेनवालीही बसायची. बॅगांच्या, दप्तरांच्या बिघडलेल्या चेनी ती दुरुस्त करायची, चष्म्याच्या दुकानालगतच्या पायरीवर बसून. तिला दुकान नव्हतं, त्यामुळे तिचा वर्गाशी तसा संबंध नव्हता. पण पहिल्या दिवशी ती मागे येऊन उभी राहिली, आणि ताई म्हणाली, बसू द्या हो, खुर्च्या रिकाम्याच आहेत. जागा बदलायची म्हटल्यावर पंचाईत झाली. चेनवालीला बदलायला दुकानच नाही. पायरीवर कोण जाऊन बसणार? तेव्हा दादा उठला. "मी बसतो," म्हणाला. आणि खरोखरच दिवसभर पायरीवर बसला, मांडीवर कुणाची तरी बॅग घेऊन. येणाऱ्याजाणाऱ्याशी गप्पा मारत होता. ताई तिथून गेली तेव्हा तो तिला बघून असा हसला, की कितीतरी वर्षांत त्याला तसं हसताना तिने पाहिलं नव्हतं. तिला वाटलं, दादाला गंमत वाटतेय. ती पुढच्या दुकानात निघून गेली, कारण तिला पुढच्या दुकानात काम होतं.

ऑफिसच्या भिंतीवर तिने बाजाराचा नकाशा लावला होता. हो म्हणणाऱ्या दुकानावर हिरवी टिकली, बघू म्हणणाऱ्यावर पिवळी, नाही म्हणणाऱ्यावर लाल. काही महिन्यांत लाल टिकल्या पिवळ्या झाल्या, पिवळ्या हिरव्या झाल्या. तिच्या जिवाचं रान झालं, पण झाल्या. चष्म्याच्या दुकानावरची टिकली मात्र पहिल्या दिवसापासून हिरवीच होती. तिनेच लावली होती, नकाशा भिंतीवर चढवल्या चढवल्या. घरचंच तर होतं.

शुक्रवारी मोठे साहेब येणार होते. त्यांच्यासमोर प्रत्येकाने उभं राहून आपला होकार द्यायचा होता, म्हणून मंगळवारी बाईंनी वर्गात तालीम घेतली. एकेक जण उठला, कमान उघडतो म्हणाला, दुकान चालवीन म्हणाला. दादाची पाळी आली. तो उठला आणि म्हणाला, "बघू."

सगळे हसले. ताई सगळ्यात मोठ्याने हसली. घरच्या माणसाने घरच्या माणसाची घेतलेली फिरकी, अजून काय!

"मस्करी नाही करत," दादा म्हणाला. "बघू म्हणजे बघू." आणि खाली बसला.

ताईच्या पायाखालची जमीन सरकली. ती संध्याकाळी तडक दुकानात गेली. दादा एका फ्रेमच्या काडीचा स्क्रू बसवत होता.

"दादा, हे काय नवीन काढलंस?"

"नवीन नाही. नंबर काढायचा तर माणूस आणि अक्षरांचा तक्ता यांच्यात वीस फूट अंतर लागतं. आतली खोली पुरत नाही. म्हणून तर बाबांनी व्हरांड्यात ही काचेची केबिन काढली. केबिन गेली तर नंबर कुठे काढू, तुझ्या ऑफिसात?"

बोलणं बिनतोड होतं. ताईला हायसंच वाटलं, कारण अडचण अंतराची असेल तर तिच्यावर उपाय असतो. तिने रात्रभर शोध घेतला, चार जणांना फोन करून पिडलं, आणि बुधवारी सकाळी जवळजवळ पळतच दुकानात आली. समोरच्या भिंतीवर आरसा लावायचा, तक्ता माणसाच्या डोक्यामागे, आणि माणसाने आरशात बघून वाचायचं. अंतर आपोआप दुप्पट! हे सगळं तिने हातवारे करून सांगितलं.

दादा ऐकून घेऊन हसला. "अगं चिमे, इतकी वर्षं हा धंदा करतोय, आरसा मला ठाऊक नसेल होय? असला आरसा वरच्या फळीवर पडलाय. उलट्या अक्षरांच्या तक्त्यासकट."

"मग अडतंय कुठे?"

"गिऱ्हाईक आलंय," तो म्हणाला. खरंच आलं होतं.

आता मात्र ताईचा संताप झाला. बाहेर येऊन ती पायरीवर चेनवालीच्या शेजारी धप्पकन बसली. परक्या लोकांनी छळलं तर समजू शकतं. हा सख्खा भाऊ! याच्याचसाठी तर सगळा उपद्व्याप केला. ती फडाफडा बोलत सुटली, आणि चेनवाली दातात दोरा धरून ऐकत राहिली.

"पण ताई," दोरा तोडून ती म्हणाली, "दादांना दुकान सोडायचंय ना? मग ते पाच वर्षांचा शब्द कसा देतील?"

"कुणी सांगितलं तुला?"

"त्यांनीच. त्या दिवशी मी त्यांच्या स्टुलावर बसले होते ना, संध्याकाळी ते आले तर मी सहज विचारलं, दादा, इथे दिवसभर कंटाळा नाही येत? रस्ता दिसतो, पण लांबून दिसतो. तर त्यांनी मांडीवरची बॅग खाली ठेवली. मग म्हणाले, येतो, सोडून द्यावंसं वाटतं." चेनवालीने तिच्या तोंडाकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

नाही, तिला माहीत नव्हतं. बाजारातल्या प्रत्येकाचं पोटातलं तिला माहीत होतं. कुणाला भिंतीची लाज वाटते, कुणाचं सुनेशी पटत नाही, कुणाला अंधाराची भीती वाटते म्हणून दिवसाही ट्यूब चालू ठेवावी लागते, सगळं. आणि ज्या दुकानात ती वाढली तिथे ती या सगळ्या महिन्यांत एकदाही स्टुलावर बसली नव्हती. जाता-येता डोकं आत घालून "दादा, चहा सांग रे" म्हणायची, बस. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की डोळ्यांत पाणी आलं, आणि ते चेनवालीला दिसू नये म्हणून ती उगाच बॅगेत काहीतरी शोधत राहिली.

दुपारी दुकानं पेंगायला लागतात. त्या वेळेला ती परत गेली आणि गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली. दादा म्हणाला, "चहा सांगू?" ती नको म्हणाली.

"दादा, तुला स्वतःला काय हवंय?"

"हे बघ, ते तुझं कामातलं माझ्यावर चालवू नकोस."

ती गप्प राहिली. दादाने एक चष्मा पुसला, उजेडात धरला, पुन्हा पुसला. तो आधीपासूनच स्वच्छ होता.

"मला माहीत नाही गं," शेवटी तो म्हणाला. "खोटं कशाला सांगू. मला कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे मीही कधी विचार केला नाही. बाबा गेले, कुणीतरी दुकान उघडायला पाहिजे होतं, मी उघडलं. तू शाळेत होतीस. नंतर रोज उघडत राहिलो. वाईट काही झालं नाही. सगळं चांगलंच झालं. पण तुमच्या त्या वर्गात बाईंनी विचारलं ना, पाच वर्षांनी तुमचं दुकान कसं दिसेल, डोळे मिटून बघा... मी डोळे मिटले तर मला दुकान दिसलंच नाही. नुसतं बरं वाटलं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तू टिकली लावून मोकळी झाली होतीस. हिरवीगार." तो हे चिडून म्हणाला असता तर परवडलं असतं, तो हसत म्हणाला. "आणि सांगू कसं? तू माझ्यासाठी एवढ्या लांबून आलीस. मी म्हणू, मला नकोय?"

"वहिनीला ठाऊक आहे?"

"तिला न सांगताच सगळं ठाऊक असतं."

रस्त्यावरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली. दादाने चष्मा केसमध्ये ठेवला. "बरं, ऐक. एवढं तोंड पाडून बसू नकोस. शुक्रवारी मी हो म्हणतो. काकांनी भिंत पाडलीय, काकूंनी शटर काढलंय, सगळ्यांनी तुझ्या शब्दावर काम केलंय, आणि माझ्यापायी तू तोंडघशी पडावंस असं मला वाटत नाही. पाच वर्षं काय, अशी जातील. तुझ्यासाठी एवढं करीन की."

इतकं साधं करून टाकलं त्याने. आणि खरं सांगायचं तर ताईचं मन म्हणत होतं, घे. पदरात पडतंय ते घे. एका माणसाच्या पाच वर्षांपुढे सगळा बाजार आहे, आणि तो स्वतःच्या तोंडाने देतोय. पुढचे दोन दिवस ती स्वतःला हेच समजावत होती. कुलूपवाले काका रस्त्यात भेटले, नव्या मांडणीपुढे तिला उभं करून म्हणाले, "बघा ताई, म्हातारपणी पोर झाल्यासारखं वाटतंय." त्यांना काय सांगणार? दादा "तुझ्यासाठी" म्हणाला होता, आणि हे शब्द तिने आयुष्यात किती वेळा ऐकले होते ते तिला एकेक करून आठवत होतं. तुझ्या फीसाठी दुकान रविवारीही उघडू. तुझ्या परीक्षा आहेत, तू नको येऊस, मी बसतो. दर वेळी तो हो म्हणाला होता आणि दर वेळी तिने तो हो घेतला होता, दुकानातून निघताना पेन घ्यावं तसा, न बघता.

शुक्रवारी माडी खचाखच भरली. मोठे साहेब खरोखरच मोठे होते, खुर्चीत मावत नव्हते, पण माणूस सरळ होता. कमानींच्या एका टोकापासून सुरुवात झाली. ताई दुकानाचं नाव घ्यायची, दुकानदार उठायचा, होकार द्यायचा, लोक टाळ्या वाजवायचे. काकांना तर दोनदा टाळ्या मिळाल्या. मग मध्यावरचं दुकान आलं.

दादा उठायला लागला. शर्टाला इस्त्री करून आला होता. त्याने तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "साहेब, एक मिनिट. या दुकानाचा होकार आलेला नाही."

दादा अर्धवट उठलेला तसाच थांबला. "अगं, मी देतोय ना."

"तो होकार तू माझ्यासाठी देतोयस," ताई म्हणाली. तिचा आवाज माडीवर शेवटपर्यंत ऐकू गेला. "साहेब, मी प्रत्येक दुकानात जाऊन विचारलं. इथे विचारलं नाही. घरचं म्हणून धरून चालले. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांना विचार करायला वेळ पाहिजे, आणि त्यांचं उत्तर नाही असलं तर ते नाहीच राहील."

मग एकच गलका झाला. "ताई, वेड लागलंय का?" "अहो, तो हो म्हणतोय ना!" "आमच्या भिंती पाडून घेतल्या आणि आता घरच्याला सवलत!" काकू तर रडायलाच लागल्या. कुलूपवाले काका काही बोलले नाहीत. ते तिच्याकडे नुसते बघत राहिले, आणि त्या गोंगाटापेक्षा तेच तिला जास्त लागलं. साहेबांनी टेबलावर हात आपटून सगळ्यांना गप्प केलं. एक आठवडा थांबतो, म्हणाले. एक आठवड्यात सगळी ओळ मोकळी होणार असेल आणि प्रत्येक दुकानाला माणूस असेल तर ठीक, नाहीतर नदीपलीकडचा बाजार रांगेत उभा आहे, प्रकल्प तिकडे जाईल. त्यात खोटं काही नव्हतं.

दादा कुणाशीही न बोलता जिना उतरून गेला. तिच्याकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

त्यानंतरचे दिवस ताईने कसे काढले ते तिचं तिलाच ठाऊक. ज्या बाजारात तिला बघून लोक स्टूल पुसायचे तिथे लोक तिला बघून शटरमागे जायला लागले. चष्म्याचं दुकान तर उघडलंच नाही. बाबा गेल्यापासून असं कधी झालं नव्हतं. दादाकडे जायची तिची छाती होईना. शेवटी वहिनीचा फोन आला. "काय केलंत तुम्ही दोघांनी मिळून? हे जेवतात आणि दुपारी झोपतात. दुपारी! लग्न झाल्यापासून मी यांना दुपारी झोपलेलं बघितलं नव्हतं."

"रागावलाय का गं माझ्यावर?"

"विचारलं नाही बाई. घोरत होते."

बुधवारी सकाळी ताई ऑफिसात नकाशासमोर बसली होती. प्रकल्प जाणार हे ती आता धरूनच चालली होती, आणि लोकांना काय तोंड दाखवायचं एवढाच प्रश्न होता. इतक्यात बाहेर काहीतरी आदळल्याचा आवाज आला. मग आरडाओरडा. ती खिडकीत गेली तर चष्म्याच्या दुकानापुढे गर्दी. तिला वाटलं, लोकांनी रागाच्या भरात काचा फोडल्या. ती जिना उतरून अनवाणीच पळाली.

दादा स्टुलावर चढून केबिनचे स्क्रू काढत होता, केबिनचं दार निखळून खाली पडलं होतं. आतले तक्ते, फ्रेमची शोकेस, सगळं आधीच हलवलेलं. काउंटरच्या मागे चेनवाली बसली होती आणि तिच्यासमोर बॅगांचा ढीग होता. भोवती निम्मा बाजार. कुलूपवाले काका खालून सूचना देत होते, अर्थात भांडणाच्या आवाजात.

"दादा!" ताई गर्दीतून पुढे घुसली. "उतर खाली. मी सगळ्यांसमोर सांगितलं ना, तुझ्यावर जबरदस्ती नाही म्हणून? का करतोयस हे?"

"जबरदस्ती कोण करतंय? दुकान ही चालवणार आहे." त्याने पेचकसाने चेनवालीकडे दाखवलं. "तिने वर्ग पूर्ण केलाय, शब्द ती देणार, बॅगा, छत्र्या, जे काय मोडलं असेल ते इथे दुरुस्त होईल. चष्मे ज्यांना हवेत त्यांचे मी आठवड्यातून दोन सकाळी बघीन. आरसा लावून. बाकीचे दिवस मी काय करणार ते विचारू नकोस, मला अजून माहीत नाही."

चेनवाली काउंटरच्या मागून मान हलवत होती. तिच्या चेहऱ्यावर एवढी भीती होती आणि एवढा आनंद, की कुठे बघावं तिला कळत नव्हतं.

"पण बाबांनी बांधलेली केबिन," ताई म्हणाली. "दादा, खरं सांग. तू हे पुन्हा माझ्यासाठी तर नाही ना करत?"

दादाने हात थांबवला. स्टुलावरून तो तिच्याकडे बघत राहिला, थोडा दमलेला, दाढी वाढलेली.

"तुझ्यासाठी करायचं होतं ते सगळं करून झालंय, चिमे," तो म्हणाला. "हे मी माझं करतोय. आता रडत उभी राहू नकोस, ती काच धर तिकडून."

तिने काच धरली. ती चांगलीच जड होती.